वाऱ्याशी झुंजणाऱ्या इमारती

गगनचुंबी इमारत म्हटली की न्यूयॉर्कचे नाव प्रथम ओठांवर येते. परंतु तिचे माहेर शिकागो होय. तेथील मोनॅडनॉक ही सोळा मजली इमारत 1891 पासून उभी आहे. तिच्या उत्तरेकडील भागाचा भार विटांच्या भिंतींवर, म्हणून तळाशी त्या भिंती सुमारे सहा फूट जाड! तळमजल्यावरची मोलाची जागा भिंतींनीच गिळली. पोलादी सांगाड्याने ही अडचण सोडविली. भिंत केवळ पडद्यापुरती उरली.

मात्र शंभर मजल्यांकडे जाऊ लागताच वजनाहून मोठा शत्रू आडवा येतो, तो म्हणजे वारा. उंची वाढते त्याहून झपाट्याने वाऱ्यासाठी लागणारे पोलाद वाढते, आणि खर्च मालकाला परवडेनासा होतो.

या कोड्याची उकल ढाक्याचे फजलुर रहमान खान यांनी केली. 1952 साली ते शिक्षणासाठी अमेरिकेस गेले. वास्तुशिल्पी ब्रूस ग्रॅहॅम यांच्यासमवेत त्यांनी रचलेली शंभर मजली जॉन हॅनकॉक इमारत 1969 मध्ये पुरी झाली. शेतावरच्या फाटकाला मागून एक तिरपी पट्टी ठोकतात, म्हणजे ते लचकत नाही. खानसाहेबांनी तेच केले. प्रचंड फुल्यांच्या आकाराच्या पोलादी तुळया इमारतीच्या बाहेरच्या अंगालाच बसविल्या. सारी इमारत जणू एक ताठ नळी झाली. न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट इमारतीस दर चौरस मीटरमागे सुमारे 206 किलो पोलाद लागले होते. येथे सुमारे 145 किलोंत भागले.

तरीही उंच इमारत किंचित डुलतेच. ती इमारत नुसती टिकून भागत नाही, आत राहणाऱ्याला भोवळ येता कामा नये! म्हणून खानांनी शिकागोच्या विज्ञान संग्रहालयातील एका फिरत्या मंचावर माणसे उभी करून, बसवून, निजवूनही पाहिली. अभियंत्याची ही माणुसकी मला फार भावते.

पुढे नऊ चौकोनी नळ्यांची जुडी बांधावी तसा 110 मजली सिअर्स मनोरा त्यांनी रचला. 1998 पर्यंत जगात त्याहून उंच इमारत नव्हती. 2009 पासून तो विलिस मनोरा म्हणून ओळखला जातो. हॅनकॉकचेही नाव 2018 मध्ये गेले.

मला स्वतःला हॅनकॉकच अधिक आवडते. तिच्या वरच्या मजल्यांवर बिऱ्हाडे आहेत, आणि त्यांतील कित्येकांच्या खिडकीवरून ती जाड तुळई तिरपी उतरत गेलेली आहे. सरोवराचे दृश्य पाहावयाचे ते तिच्या कडेने.