कपाट रिकामं करण्याआधी

(कोकणातील पॅथॉलॉजिस्ट आणि कर्करोगतज्ज्ञांच्या रत्नागिरी येथील परिषदेतील अध्यक्षीय भाषण)



  कार्यक्रमपत्रिकेवर माझा विषय ‘मानवी कर्करोगातील प्राचीन विषाणू : एक आढावा’ असा छापला आहे. आढावा घेते, पण थोडक्यात. एक गोष्ट अनेक वर्षं मनात साठून आहे. ती आज बोलले नाही, तर पुन्हा बोलायला व्यासपीठ मिळेल असं नाही.

आपल्या जीनोमचा सुमारे ८ टक्के भाग जुन्या रेट्रोव्हायरसांचा आहे. हे विषाणू आपल्या पूर्वजांच्या बीजपेशींत शिरले आणि मग आईबापांकडून मुलांकडे वारसाहक्काने येत राहिले. प्रथिनं घडवणारा डीएनए जेमतेम दीड-दोन टक्के. त्यामानाने हा ऐवज केवढा मोठा! त्यातला बहुतेक मोडकातोडका आहे आणि पेशी त्याला मेथिल गटांची कुलुपं घालून गप्प ठेवते. कर्करोगात ती कुलुपं सैल होतात. ‘एचईआरव्ही-के’ या कुळाच्या खुणा वृषणाच्या आणि स्तनाच्या गाठींत, मेलॅनोमात सापडल्या आहेत. २०२३ साली लंडनच्या फ्रान्सिस क्रिक इन्स्टिट्यूटच्या संशोधकांनी दाखवलं की, फुप्फुसाच्या कर्करोगात या जुन्या विषाणूंच्या आवरणाविरुद्ध प्रतिपिंडं तयार होतात आणि ती इम्युनोथेरपीला हातभार लावतात. २०२४ साली कोलोरॅडो विद्यापीठाच्या गटाने मोठ्या आतड्याच्या कर्करोगात ‘एलटीआर-१०’ हे विषाणूजन्य तुकडे शेजारची जनुकं चालू करणाऱ्या बटणांसारखे वागतात, हे दाखवून दिलं. म्हणजे तोच वारसा कुठे गाठीला बळ देतो, तर कुठे तिचा ठावठिकाणा पहारेकऱ्यांना सांगतो. आढावा इथे संपला.

आता माझं म्हणणं. १९७२ साली सुसुमु ओहनो यांनी अशा डीएनएसाठी ‘जंक’ हा शब्द रूढ केला. आपण त्याचं ‘कचरा’ केलं आणि वर्गावर्गांतून शिकवलं. मीही शिकवलं. पुढे २००० साली कळलं की, गर्भाच्या वारेतल्या पेशी एकमेकींत मिसळवणारं सिन्सिटिन हे प्रथिन अशाच एका जुन्या विषाणूच्या जनुकातून येतं. आईच्या पोटात आपल्याला पोसणारी वार ज्या ऐवजाच्या आधाराने उभी राहते, त्याला आपण कचरा म्हणत होतो. पाहण्याआधीच एखाद्या वस्तूला टाकाऊ ठरवायचं, हा आपल्या व्यवसायाचा जुना रोग आहे, आणि आज मला त्याच्याविरुद्ध बोलायचं आहे.

कर्करोगातल्या विषाणूंच्या या विषयाचं एक मूळ आपल्या परळमध्ये आहे. तिथे १९५२ साली डॉ. वसंत खानोलकरांच्या नेतृत्वाखाली इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर उभं राहिलं. तिथे पुण्याच्या डॉ. कमल रणदिवे यांनी उंदरांच्या स्तनकर्करोगावर वर्षानुवर्षं काम केलं. मादीच्या दुधातून पिल्लांकडे जाणारा विषाणू आणि शरीरातली संप्रेरकं मिळून गाठ कशी घडवतात, हा त्यांचा विषय. १९७१ साली ‘नेचर’मध्ये डॅन मूर आणि सहकाऱ्यांचा शोधनिबंध आला. त्यात मुंबईच्या डॉ. सत्यवती सिरसाट, डॉ. जाल पेमास्टर आणि अखिल वैद्य यांची नावं आहेत. स्तनकर्करोगाचं प्रमाण जास्त असलेल्या पारशी समाजातल्या स्त्रियांचं दूध इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली तपासलं, तेव्हा सुमारे ३९ टक्के नमुन्यांत उंदरांच्या विषाणूसारखे कण दिसले. घराण्यात हा रोग नसलेल्या अमेरिकन स्त्रियांत ते प्रमाण सुमारे ५ टक्के होतं.

पुढे निरोगी स्त्रियांच्या दुधातही तसे कण दिसले आणि माणसाच्या स्तनकर्करोगामागेही तसाच विषाणू आहे, हा दावा टिकला नाही. उत्तर चुकलं होतं, पण प्रश्न चुकला नव्हता. १९८०च्या दशकात उंदरांच्या त्या विषाणूचे नातलग माणसाच्या जीनोममध्येच सापडले. एचईआरव्ही-केच्या शाखांना आज ‘एचएमएल’ म्हणतात, म्हणजे ‘उंदराच्या स्तनगाठीच्या विषाणूसारखे मानवी’. परळच्या लोकांनी जो विषाणू दुधात शोधला, त्याचे भाऊबंद तुमच्या-माझ्या प्रत्येक पेशीत बसलेले होते. तरीही आपल्या किती विद्यार्थ्यांना ही नावं ठाऊक आहेत?

आज सकाळी इथे वाद रंगला. गाठीत जागा झालेला विषाणू गुन्हेगार, की घर पडल्यावर दिसणारी वाळवी? दोन्ही बाजूंच्या तरुण सहकाऱ्यांनी उत्तम बाजू मांडली. पण मित्रहो, हा वाद बोलून मिटणारा नाही. का, ते सांगते.

माझ्या उमेदीच्या काळात राजापूर तालुक्यातल्या एक शिक्षिका स्तनातली गाठ घेऊन आल्या. बायोप्सी मीच पाहिली. कर्करोग नव्हता, पण पेशींची वाढ मला रुचली नाही आणि तसं मी रिपोर्टात लिहिलं. नऊ वर्षांनी त्याच बाई त्याच स्तनात कर्करोग घेऊन परत आल्या. मी पहिल्या बायोप्सीचा ब्लॉक, म्हणजे मेणात जपलेला ऊतीचा तुकडा, शोधायला गेले. कपाट रिकामं होतं. पावसाळ्याआधीच्या साफसफाईत सगळे ब्लॉक बाहेर काढून टाकले होते. मी जाब विचारला, तेव्हा उत्तर मिळालं, “मॅडम, रिपोर्ट दिलाय ना? मग तो कचरा कशाला सांभाळायचा?”

तोच शब्द. त्या दिवसापासून तो मला सहन होत नाही.

नऊ वर्षांपूर्वीच्या त्या पेशींत विषाणूची कुलुपं आधीच सैल झाली होती, की गाठ बिघडल्यावर झाली? सकाळच्या वादाचा निकाल लावायला नेमकं हेच कळायला हवं, आणि ते सांगू शकणारा बोटभर मेणाचा तुकडा उकिरड्यावर गेला. वाळवी आधी की पडझड आधी, हे पडझडीच्या आधीचं लाकूड जपून ठेवलेलं असेल तरच सांगता येतं.

ब्लॉकमधून काय मिळणार, असं विचारणाऱ्यांना १९९७ सालची गोष्ट सांगते. १९१८च्या साथीत मेलेल्या एका अमेरिकन सैनिकाच्या फुप्फुसाचा तुकडा वॉशिंग्टनमध्ये पॅराफिनमध्ये जपला होता. जेफ्री टॉबेनबर्गर आणि सहकाऱ्यांनी जवळजवळ ८० वर्षांनी त्यातून त्या इन्फ्लुएन्झाच्या विषाणूचे जनुकीय तुकडे वाचून काढले. त्या साथीने हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसं नेली. ती साथ कशाची होती, याचा माग मेणातल्या एका तुकड्याने दिला.

आपण कोकणातली माणसं. फणस खाल्ला म्हणून आठळ्या कोणी फेकतं का? आपल्या आज्या त्या मातीत घोळवून आगोटीसाठी ठेवत. नारळाच्या झाडाचं झावळीपासून करवंटीपर्यंत काही वाया जात नाही. ज्या घरांत आपण हे शिकलो, त्याच घरांतल्या बायकांच्या गाठी आपण दर पावसाळ्याआधी उकिरड्यावर टाकतो. रत्नागिरी जिल्ह्याला स्वतःची कर्करोग नोंदणी आहे, हे मोठं भाग्य. नोंदणीत माणूस येतो, वय येतं, अवयव येतो. ऊती मात्र येत नाही.

काय करायचं? प्रत्येक प्रयोगशाळेत एक कोरडं, दमट हवेपासून राखलेलं कपाट आणि एक वही हवी. मुंबई आणि खारघरच्या कर्करोग संस्थांशी बोलणं सुरू करायला हवं. रुग्णांची संमती कशी घ्यायची, याचा मसुदा व्हायला हवा. खर्चाचं काय, जागेचं काय, हे ठरवायला एक छोटी समिती नेमावी, अशी माझी सूचना आहे. तपशील तरुणांनी ठरवावा. त्यांच्या हातात वेळ आहे.

त्या शिक्षिका आज नाहीत. त्यांच्या दुसऱ्या गाठीचा ब्लॉक मात्र मी तेव्हाच लेखी परवानगी काढून मागून घेतला. माझ्या प्रयोगशाळेत तो क्रमांकासह आहे, आणि जो अभ्यास करील त्याला रीतसर मिळेल. माझं मागणं एवढंच आहे : परत गेल्यावर उद्या सकाळी आपापलं कपाट उघडा, आणि निदान या पावसाळ्याआधी त्यातला एकही ब्लॉक फेकू नका.