वाळवंट गरिबाच्या कोयत्यानं होत नाही
(जिते, ता. पेण येथील बैठकीत केलेली मांडणी)



दळीचा प्रश्न काढला की आपल्याला एक उत्तर ठरलेलं असतं : "तुम्ही डोंगर भाजता, झाडं तोडता. जमीन तुमच्या नावावर केली तर इथं वाळवंट होईल." हे इतक्या वेळा ऐकलंय की आपल्यातल्याही काहींना ते खरं वाटू लागलंय. म्हणून आज दाव्यांच्या कागदांआधी वाळवंटाचंच बोलू. जगात वाळवंटं कुठं आहेत, आणि तिथंच का?

जित्याहून सरळ मावळतीला एक रेघ ओढा. समुद्र ओलांडला की ती अरबस्तानच्या वाळूत शिरते. पुढे तांबडा समुद्र, आणि त्यापलीकडे सहारा. आफ्रिकेच्या दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत ही रेघ बहुतेक वाळवंटातूनच जाते. रेघ एकच, सूर्य एकच. मग तिथं वाळू आणि इथं भात, असं का?

चुलीवरच्या टोपावर झाकण ठेवलं की वाफ वर जाते, झाकणाला लागून थंड होते आणि तिचे थेंब होतात. हवेचंही तसंच आहे. पृथ्वीच्या मधल्या पट्ट्यात, विषुववृत्तावर, ऊन कडक. तिथली ओली हवा तापून वर चढते, थंड होते आणि तिथंच पाऊस पाडून मोकळी होते. कोरडी झालेली ही हवा वरच्या वर उत्तरेला आणि दक्षिणेला सरकते, आणि दूरवर जाऊन खाली उतरते. उतरताना ती पुन्हा तापते. अशी हवा पाऊस देत नाही, उलट जमिनीतली ओल शोषते. सहारा, अरबस्तान, आपल्याकडचं थर, दक्षिणेला कलहारी आणि ऑस्ट्रेलियातलं वाळवंट, ही सगळी अशा उतरत्या हवेच्या पट्ट्यांत येतात.

दुसरं कारण थंड समुद्राचं. दक्षिण अमेरिकेत चिली देशात अटाकामा वाळवंट अगदी समुद्राला लागून आहे. पण तिथला समुद्र थंड, त्यावरची हवा थंड, ती वर चढतच नाही. धुकं येतं, पाऊस येत नाही. तिथल्या आरिका गावात वर्षाची सरासरी 1 मिलिमीटरसुद्धा भरत नाही.

तिसरं कारण डोंगराचं, आणि ते आपल्या दाराशीच आहे. आपण सहाराच्या रेघेवर असून वाचलो ते पावसाळी वाऱ्यामुळे. उन्हाळ्यात जमीन समुद्रापेक्षा जास्त तापते, समुद्रावरचा ओला वारा आत ओढला जातो, सह्याद्रीला अडून वर चढतो आणि बरसतो. रायगडात वर्षाला साधारण 3000 मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे साडेसहा हात पाणी. महाबळेश्वरला त्याच्या जवळपास दुप्पट. पण घाटमाथा ओलांडून वारा खाली उतरू लागला की कोरडा होतो. महाबळेश्वरापासून वीसेक किलोमीटरवर पाचगणी, तिथं पाऊस एकतृतीयांशावर येतो. आणखी पुढे माण तालुक्यात 500 मिलिमीटरच्या आसपास, जेमतेम हातभर. माणदेशातल्या मेंढपाळानं झाडं तोडली म्हणून तिथला पाऊस पळाला नाही. ते डोंगराच्या पाठीशी आहेत, आपण पोटाशी आहोत.

सहारासुद्धा एके काळी हिरवा होता. अल्जेरियात तासिलीच्या खडकांवर तेव्हाच्या माणसांनी गाई, हत्ती, जिराफ रंगवून ठेवलेत. पुढे पृथ्वीच्या फिरण्यात हळूहळू फरक पडत गेला, पावसाळी वारा दुबळा झाला, आणि साधारण पाच-सहा हजार वर्षांपूर्वी तो मुलूख सुकत गेला.

मग माणूस जमीन उजाड करतच नाही का? करतो. मध्य आशियात अरल नावाचा समुद्राएवढा तलाव होता. 1960 नंतर सोव्हिएत सरकारनं त्याला मिळणाऱ्या दोन नद्यांचं पाणी कापसाच्या शेतांकडे मोठ्या प्रमाणावर वळवलं. तलाव आटला, मच्छीमारांच्या होड्या कोरड्यावर पडल्या, आणि आज तिथं खारट धूळ उडते. नद्या वळवण्याचा हुकूम काही त्या मच्छीमारांनी काढला नव्हता.

आता आपल्याकडे बघू. साडेसहा हात पाऊस पडूनही वैशाखात वाडीतल्या बाया हंडा घेऊन लांब जातात. पाऊस कमी म्हणून नव्हे, पाणी थांबत नाही म्हणून. चढ उभा, माती पातळ, खाली काळा कातळ. झाडोरा गेला की माती जाते, आणि माती गेली की आषाढातलं पाणी थेट खाडीला मिळतं. पडलेलं पाणी मुरवायचं काम जंगल करतं. जंगल जपायचं ते आपल्या विहिरीसाठी, झऱ्यासाठी. त्यासाठी कुणाचा शिक्का लागत नाही.

पण उद्या हुसकावतील अशी भीती ज्याला आहे, तो बांध कशासाठी घालील? आंब्याचं रोप कुणासाठी लावील? ज्याची जमीन पक्की, तोच माती धरून ठेवतो. 2006 च्या वनहक्क कायद्याचं कलम 5 आपल्या ग्रामसभेला जंगल राखण्याचा अधिकार देतं, पाणलोट आणि पाण्याच्या जागा जपण्याचाही.

तेव्हा प्रत्येक वाडीनं तीन कामं ठरवावीत.

एक : दळीवरचे जुने दगडी बांध मोजून दाव्यात लिहावेत. 13 डिसेंबर 2005 च्या आधी केलेले बांध, सपाटीकरण हा नियमांत धरलेला पुरावा आहे. सोबत म्हाताऱ्या माणसांचे जबाब लिहून घ्यावेत. एकाच पुराव्यावर विसंबू नये.

दोन : राब भाजताना आग रानात जाऊ देऊ नये. ऐन, किंजळीची खोडं मुळासकट काढू नयेत, पुन्हा फुटू द्यावीत.

तीन : झऱ्याच्या वरचं रान राखायचा ठराव ग्रामसभेत करावा, आणि तो वहीत लिहून सह्या-अंगठे घ्यावेत.

आणि यापुढे कुणी वाळवंटाचं नाव काढलं, तर त्याला मावळतीची रेघ दाखवा, घाटापलीकडचं माण दाखवा. मग आपला बांध दाखवा.

जिंदाबाद!