कायोत्सर्ग : स्वतःच्या घरातील विश्रांती
(सुवर्णमहोत्सवी समारंभातील भाषण)



रात्री दुकानाचे शटर खाली येते; पण व्यापाऱ्याचे मन गल्ल्यापाशीच बसून राहते. सूर्यास्तापूर्वीचे जेवण फोन कानाला लावूनच उरकलेले असते. कोणाची उधारी थकली, कोणाचा चेक परत आला, लग्नसराईसाठी भरलेला माल उठेल की नाही, हा हिशेब अंथरुणावरही चालू असतो. जबडा आवळलेला, खांदे वर चढलेले, श्वास छातीतल्या छातीत. अशा गृहस्थाला कोणी विश्रांती सुचविली, की तो महाबळेश्वरची चौकशी करतो! चार दिवसांची हवापालट संपते आणि उधारीची वही जागच्या जागी असते.

वास्तविक एक उपाय त्याच्या घरातच आहे. षडावश्यकांपैकी एक असलेला कायोत्सर्ग म्हणजे देहावरील ममत्व काही काळ सोडणे. त्याचे मूळ प्रयोजन कर्मनिर्जरा. ताण उतरणे हा आनुषंगिक लाभ. हा क्रम उलटा करू नये, पण लाभ नाकारण्याचेही कारण नाही.

दिगंबर परंपरेत नऊ णमोकारांचा कायोत्सर्ग सत्तावीस श्वासोच्छ्वासांचा मानला आहे. पहिले पद श्वास घेताना, दुसरे सोडताना; तिसरे घेताना, चौथे सोडताना; पाचव्या पदाचे दोन भाग करून तसेच. एका णमोकाराला तीन श्वास. श्वेतांबर परंपरेतही कायोत्सर्गाचे माप श्वासोच्छ्वासच आहे. आता हिशेब पाहावा. स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला साधारण १२ ते २० श्वास घेतो. श्वास संथ करून सहा-सातवर आणला, तर सत्तावीस श्वासांना चार मिनिटे लागतात. प्रत्यक्षात नऊ णमोकार अर्ध्या मिनिटात उरकले जातात! ग्राहकाला मापात एवढी खोट दिली, तर ती चोरी ठरेल. येथे ती स्वतःलाच दिली जाते.

उभे राहून कसे करावे, हे श्रवणबेळगोळच्या ५७ फुटी बाहुबलींकडे पाहून समजते. पाठ ताठ, पण हात सैल सोडलेले; चेहऱ्यावर कोठेही आवळ नाही. ज्यांना गुडघ्यांमुळे उभे राहवत नाही, त्यांनी बसून अथवा पडून करावे. आचार्य महाप्रज्ञ यांनी १९७५ मध्ये मांडलेल्या प्रेक्षाध्यानात आरंभच कायोत्सर्गाने होतो. पायाच्या अंगठ्यापासून मस्तकापर्यंत एकेका अवयवाकडे लक्ष न्यावे आणि तो सैल सोडावा. अमेरिकेतील डॉक्टर एडमंड जेकबसन यांनी १९२९ च्या आपल्या ग्रंथात स्नायू क्रमाक्रमाने शिथिल करण्याची पद्धत सांगितली. सैलपणा जाणवत नसेल, तर त्यांची युक्ती उपयोगी पडते : मूठ पाच सेकंद घट्ट आवळावी आणि सोडून द्यावी. खांद्यांचेही तसेच. आवळणे कळले, की सोडणे कळते.

श्वास सोडताना हृदयाची गती किंचित मंदावते. म्हणून उच्छ्वास दीर्घ ठेवावा. श्वास कोंडून धरू नये. छातीत दुखत असेल, आठवडेच्या आठवडे झोप येत नसेल किंवा मन फार खचले असेल, तर आधी डॉक्टरांकडे जावे. रक्तदाबाची गोळी तर परस्पर मुळीच बंद करू नये.

अठ्ठेचाळीस मिनिटांचे सामायिक ज्यांना रोज साधते, त्यांना वंदन. इतरांनी दुकान उघडण्यापूर्वी आणि निजण्यापूर्वी ही चार मिनिटे द्यावीत. फोन दुसऱ्या खोलीत ठेवावा. पाचव्या-सहाव्या श्वासाला उधारीची वही डोळ्यांसमोर येणारच. तिच्याशी भांडू नये. मोजणी चुकली, तर पहिल्या णमोकारापासून पुन्हा सुरू करावे. सुरुवातीच्या दिवसांत ती बहुतेकांची चुकते.