घरातला खलनायक कुठे गेला?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यास शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



‘कॉमिक्समधले खलनायक’ हा विषय पत्रिकेत वाचून काहीजणी हसल्या. साहजिक आहे. पोटगीचे अर्ज आणि कोर्टाच्या तारखा यांतून आपल्याला कॉमिक्स वाचायला वेळ कुठला? पण सल्ला केंद्रात एक वाक्य आपण सगळ्यांनीच ऐकलंय : “तो तसा वाटत नाही हो!” शेजारी म्हणतात, नातेवाईक म्हणतात, कधी चौकीवरही ऐकू येतं. म्हणजे मारणारा पुरुष कसा दिसतो याचं चित्र लोकांच्या डोक्यात आधीच तयार असतं. असं चित्र घडतं कसं, याचं एक उदाहरण आज तुमच्यापुढे ठेवते.

आपल्यातल्या काहीजणींनी लहानपणी इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ वाचला असेल. तो मूळचा अमेरिकेतला. त्याच अमेरिकेत जून १९३८च्या ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकात सुपरमॅन आला. जेरी सीगल आणि जो शुस्टर हे त्याचे निर्माते, स्थलांतरित ज्यू कुटुंबांतले दोन तरुण. मंदीचे दिवस त्यांनी पाहिले होते. त्यांच्या या पहिल्या अंकात खलनायक कोण आहेत? एक आहे बायकोला मारणारा नवरा. तो सुपरमॅनवर सुरी उगारतो, सुरी मोडते आणि हा शूर गडी बेशुद्ध पडतो! दुसरा आहे देशाला युद्धात लोटू पाहणाऱ्यांशी संगनमत करणारा सिनेटर. तिसऱ्या अंकात खाणमालक आहे. खाणीत सुरक्षेची सोय नाही म्हणून कामगार अडकतो. सुपरमॅन मालकाला आणि त्याच्या श्रीमंत पाहुण्यांना त्याच खाणीत कोंडतो, तेव्हा त्याचे डोळे उघडतात.

ही काही क्रांती नव्हती. मार खाणाऱ्या त्या बाईचं पुढे काय झालं, हे कथा सांगत नाही. तरीही अन्याय घरात, खाणीत आणि सत्तेच्या दालनात होतो, आणि तो करणारी माणसं साधी, चारचौघांसारखी दिसतात, एवढं त्या पानांवर होतं.

मग काय झालं? नायक इतका बलवान, की मारकुटा नवरा त्याच्यापुढे दोन चौकटीही टिकत नाही. दर महिन्याला अंक खपवायचा तर पुन्हापुन्हा परतणारा, तुल्यबळ शत्रू हवा. जून १९३९मध्ये ‘अल्ट्रा-ह्युमनाइट’ आला : अपंग, चाकाच्या खुर्चीत बसणारा बुद्धिमान शास्त्रज्ञ. पुढच्याच वर्षी त्याचा मेंदू एका नटीच्या शरीरात बसवला गेला. एप्रिल १९४०मध्ये लूथर आला. त्याच वर्षी ‘बॅटमॅन’च्या पहिल्या अंकात जोकर आला, आणि पुढे कॅटवुमन झालेली मांजरचोरही.

या चेहऱ्यांकडे नीट बघा. पांगळा देह, भेसूर हसू, मोहात पाडणारी बाई. वाईटपणा आता शरीरावरच लिहिलेला आहे, दुरून ओळखू येतो. अपंग मैत्रिणींना याची किंमत वेगळी सांगायला नको. आणि आपल्यासाठी याचा दुसरा अर्थ असा, की ज्याच्या अंगावर अशी खूण नाही तो आपोआप सज्जन ठरतो.

या काळात एक वेगळी वाट निघाली. विल्यम मोल्टन मार्स्टन या मानसशास्त्रज्ञाने १९४१मध्ये ‘वंडर वुमन’ निर्माण केली. १९४३मधला तिचा शत्रू डॉक्टर सायको बुटका आहे, म्हणजे खूण इथेही आहेच. पण त्याचा गुन्हा पाहा. युद्धकाळात बायका कारखान्यांत, कचेऱ्यांत कामाला लागल्या, हे त्याला खुपतं. मार्वा नावाच्या स्त्रीला संमोहित करून तो तिच्याशी लग्न करतो, तिला आपलं साधन बनवतो, आणि जॉर्ज वॉशिंग्टनचं भूत उभं करून स्त्रिया विश्वासपात्र नाहीत असं देशाला सांगतो. शेवटी वंडर वुमन मार्वाला सांगते, सबळ हो, स्वतःचं कमव. बॅरोनेस पॉला ही नाझी हस्तकही तिथे बदलते. तिची मुलगी नाझींच्या ताब्यात होती हे कळतं, मुलगी सुटते आणि पॉला मैत्रीण होते. खलनायिकेलाही भूतकाळ असतो, हे मान्य केलेलं होतं.

१९४७मध्ये मार्स्टन वारले. १९५४मध्ये मुलं बिघडत असल्याच्या ओरडीनंतर प्रकाशकांनी स्वतःच आचारसंहिता केली. गुन्हेगाराबद्दल सहानुभूती नको. पोलीस, न्यायाधीश, सरकारी अधिकारी यांचा अनादर होईल असं काही नको. प्रेमकथांत घराचं मोल आणि विवाहाचं पावित्र्य ठसवा. घटस्फोट इष्ट आहे असं दाखवू नका. कॅटवुमन १९६६पर्यंत गायब झाली.

आता १९३८चा तो पहिला अंक आठवा. मारणारा नवरा, भ्रष्ट सिनेटर. सोळा वर्षांत विवाह पवित्र झाला, सत्ताधारी आदरणीय झाले, आणि खलनायक विदूषकाचं तोंड घेऊन शहराच्या अंधाऱ्या गल्लीत गेला. ती संहिता २०११मध्ये संपली. सवय मात्र राहिली.

आपल्याकडेही बातमीत ‘नराधम’ असतो, ‘विकृत’ असतो. रागाच्या भरात आपणही हे शब्द वापरतो. पण राक्षस म्हटलं की तो आपल्यातला राहत नाही. मग नोकरीला जाणारा, गणपतीची वर्गणी देणारा, पोरांना शाळेत सोडणारा नवरा मारतो असं बाई सांगते, तेव्हा तिच्यावर विश्वास कोण ठेवणार?

म्हणून एक सुचवते. पुढच्या वेळी वस्तीतल्या मुलामुलींना ‘वाईट माणूस’ काढायला सांगा. शिंगं, सुळे, काळा चष्मा येईल. मग विचारा, हा राहतो कुठे? त्याच्या घरी कोण आहे? तिथून बोलणं सुरू करूया.