औषधदान आणि विवेक
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानाचा गोषवारा)



आहारदान, औषधदान, शास्त्रदान आणि अभयदान ही चार दाने जैन परंपरेने श्रेष्ठ मानली आहेत. घरात उरलेल्या चार गोळ्या शेजारणीस देणाऱ्या गृहिणीच्या मनात औषधदानाचाच भाव असतो. मात्र डॉक्टरांनी एकास लिहून दिलेले औषध दुसऱ्यास देणे, हे दान ठरते का?

असे का घडते, हे प्रथम समजून घ्यावयास हवे. डॉक्टरांची फी परवडत नाही, दवाखाना दूर असतो, दुखणे रात्री उद्भवते. महागाची औषधे टाकून देणे काटकसरी मनास रुचत नाही. "मला याच गोळीने गुण आला" हा अनुभव तर चिठ्ठीपेक्षाही विश्वसनीय वाटतो. या सर्वांच्या मुळाशी करुणा आहे. तिचा उपहास करणे योग्य नव्हे.

परंतु लक्षण सारखे असले, म्हणून रोग सारखा नसतो. पेनिसिलिन गटातील औषध एकास तारते. त्याची अ‍ॅलर्जी असलेल्या दुसऱ्याचे प्राण संकटात टाकते. वेदनाशामक गोळी दुर्बल मूत्रपिंडास घातक ठरू शकते. मधुमेहाची ग्लिमेपिराइडसारखी गोळी निरोगी माणसाची साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरवू शकते. शिवाय कात्रीने कापून दिलेल्या पट्टीवर औषधाचे नाव व मुदतीची तारीख राहीलच असे नाही.

प्रतिजैविकांच्या बाबतीत हानी दोघांपुरती मर्यादित राहत नाही. देणाऱ्याचा क्रम अपुरा राहतो आणि घेणाऱ्यासही पुरेशी मात्रा मिळत नाही. पेनिसिलिनचे संशोधक अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ च्या नोबेल व्याख्यानातच एक काल्पनिक उदाहरण सांगितले होते. घसा दुखणारा गृहस्थ स्वतःच अपुरे पेनिसिलिन घेतो, जंतू औषधास सरावतात, त्यांचा संसर्ग पत्नीस होतो आणि औषध निष्प्रभ ठरून ती दगावते. चूक एकाची, प्राण दुसऱ्याचे!

भारतात १ मार्च २०१४ पासून 'अनुसूची एच-१' लागू झाली. तीत अनेक प्रतिजैविके, क्षयरोगाची व सवय लावणारी औषधे आहेत. ती विकताना डॉक्टर, रुग्ण, औषध व प्रमाण यांची नोंद करून विक्रेत्यास ती नोंदवही तीन वर्षे जपावी लागते. दुकानात एवढी दक्षता, आणि घरात मात्र तेच औषध नोंदीविना या हातातून त्या हातात जाते.

मग करुणेने काय करावे? रुग्णास सोबत घेऊन दवाखान्यात जावे. त्याची फी भरावी. औषधांचा पूर्ण क्रम त्याच्याच चिठ्ठीवर घेऊन द्यावा. २००८ पासून सुरू झालेल्या जनऔषधी योजनेच्या केंद्रांत जेनेरिक औषधे अल्प दरात मिळतात, ही माहिती देणे हेही ज्ञानदानच होय.

उरलेली गोळी देण्यास क्षण पुरतो; रुग्णाची सोबत करण्यास वेळ द्यावा लागतो. जे दान घेणाऱ्यास निर्भय करते, तेच खरे औषधदान. जय जिनेंद्र!