टिंटर्नचं छप्पर

टिंटर्न हे नाव मराठी माणसाच्या कानावर पडावं असं तसं काही कारण नाही. वेल्समधलं एक लहानसं खेडं. वाय नावाची नदी, दोन्ही अंगांना झाडीनं भरलेले डोंगर आणि नदीकाठी एक भलामोठा पडका मठ. पण माझ्या पिढीत ज्यांनी इंग्रजी घेऊन बी. ए. केलं, त्यांना हे नाव चांगलं ठाऊक आहे. वर्ड्‌स्वर्थची एक दीर्घ कविता आम्हाला अभ्यासाला होती. तिच्या शीर्षकात टिंटर्न ॲबी येते, ‘काही मैल वर’ असा पत्ता येतो आणि १३ जुलै १७९८ ही तारीखही येते. शीर्षक एवढं लांबलचक, की आम्ही मुलं नुसतं ‘टिंटर्न ॲबी’ म्हणून मोकळे व्हायचो. ॲबी म्हणजे ख्रिस्ती साधूंचा मठ, हे प्राध्यापकांनी फळ्यावर लिहून दिलेलं. मौज अशी, की शीर्षक सोडलं तर अख्ख्या कवितेत त्या मठाचा एक दगडसुद्धा नाही. नदी आहे, डोंगर आहेत, आठवण आहे, शेवटी बहीण आहे. मठ नाही.

ही कविता आपल्याला परकी नाही, हेही सांगायला हवं. निसर्गापुढे एकटा उभा राहून कवीनं स्वतःच्या मनाचा ठाव घ्यायचा, ही रीत केशवसुतांच्या पिढीनं इंग्रजी कवितेतून उचलली आणि मराठी मातीत रुजवली. त्या ऋणात वर्ड्‌स्वर्थचा वाटा मोठा आहे. माझ्यासारख्या, घरात दखनी बोलणाऱ्या आणि मराठीत कविता लिहिणाऱ्या माणसापर्यंतही ते ऋण पोचलं.

माझी भाची ब्रिस्टलला असते. २०१७ च्या सप्टेंबरात तिच्याकडे गेलो होतो, तेव्हा टिंटर्नला जायचं ठरलं. सेव्हर्न नदीवरचा लांबच लांब पूल ओलांडला की वेल्स. त्या वेळी पुलावर टोल होता, पण तो फक्त वेल्समध्ये शिरणाऱ्यांना, बाहेर पडणाऱ्यांना नाही. भाची म्हणाली, “मामू, इथले लोक यावरून फार विनोद करतात.” पुढे डिसेंबर २०१८ मध्ये तो टोल बंद झाला आणि विनोदही संपला असेल.

चेपस्टोच्या पुढे रस्ता नदीच्या संगतीनं वळणं घेत जातो, आणि एका वळणावर एकदम मठ समोर येतो. मनात ‘अवशेष’ म्हणून जे चित्र असतं, चार ढासळलेल्या भिंती आणि एखादी कमान, तसं ते नाही. चर्चच्या चारही भिंती जवळजवळ पूर्ण उंचीनं उभ्या आहेत. पश्चिमेच्या भिंतीत सात उभ्या भागांची प्रचंड खिडकी, तिची दगडी जाळी अजून शाबूत. पूर्वेची खिडकी तिच्याहून मोठी, पण तिच्यातून आता एकच दगडी दांडा थेट वर गेलेला दिसतो. बाकी सगळं आभाळ. आत पाऊल टाकलं तर पायाखाली फरशी नाही, हिरवळ. डोक्यावर काही नाही. कावळ्यांसारखे काळे पक्षी एका खिडकीतून आत येत होते, दुसरीतून बाहेर जात होते. भाची बराच वेळ मान वर करून पाहत राहिली. मग म्हणाली, “मामू, याचं छप्पर पडलं केव्हा?”

पडलं नाही. काढून नेलं.

मठ ११३१ सालचा. वॉल्टर द क्लेअर नावाच्या नॉर्मन सरदारानं जमीन दिली आणि फ्रान्समधून सिस्टर्शियन पंथाचे साधू आले. विनारंगाच्या लोकरीचे पांढरे झगे घालायचे म्हणून त्यांना पांढरे साधू म्हणत. आज जे चर्च दिसतं ते नंतरचं, १२६९ मध्ये बांधायला घेतलेलं. दिवसा सात आणि रात्री एक अशा आठ प्रार्थना. झोपायच्या दालनातून थेट चर्चमध्ये उतरणारा जिना असे, मध्यरात्री उठून त्यानं खाली यायचं. वेल्सच्या जानेवारीत! पाच वेळच्या नमाजातली पहाटेची फजर आमच्यातल्या कित्येकांना जड जाते, तिथं हे. जेवणघराच्या दाराशी हात धुण्यासाठी दगडात कोनाडे केलेले आहेत. ते पाहून मला मशिदीतला वजूचा हौद आठवला. देवाची माणसं कुठंही गेली तरी आधी पाण्याची सोय पाहतात. मौन कडक, गरजेपुरत्या हाताच्या खुणा. स्वयंपाकघर आणि आजाऱ्यांची खोली सोडली तर शेक घ्यायला एकच दालन.

पण या साधूंना फार हळवं होऊन पाहायचंही कारण नाही. नांगर धरणारे, मेंढरं राखणारे, कष्ट उपसणारे ‘कामकरी बंधू’ निराळे असत. तेही व्रतस्थच, पण बहुतेक निरक्षर, आणि चर्चमध्ये त्यांची बसायची जागासुद्धा वेगळी. टिंटर्नच्या लोकरीला चौदाव्या शतकात इटलीच्या व्यापाऱ्यांकडून चढा भाव मिळायचा. म्हणजे मठ श्रीमंत होता, जमीनदार होता. मठाच्या दारात भिक्षा मिळायची हे खरं, आणि मठाला खंड देणारी कुळं होती हेही तितकंच खरं.

मग आठवा हेन्री आला. रोमच्या पोपशी त्याचं बिनसलं, १५३४ मध्ये तो स्वतःच इंग्लंडच्या चर्चचा प्रमुख झाला आणि १५३६ मध्ये कायदा झाला, की ज्या मठांचं वार्षिक उत्पन्न २०० पौंडांच्या आत आहे ते बंद. टिंटर्नचं उत्पन्न आदल्याच वर्षी मोजलं गेलं होतं. वेल्समधला हा सर्वांत श्रीमंत मठ, आणि आकडा निघाला १९२ पौंड. आठ पौंड कमी पडले. अर्थात आठ पौंड जास्त असते तरी चारच वर्षांचं आयुष्य वाढलं असतं, कारण १५४० पर्यंत मोठे मठही गेले. ३ सप्टेंबर १५३६ रोजी मठाधिपतीनं सगळं राजाच्या माणसांच्या हवाली केलं. त्या वेळी आत जेमतेम डझनभर साधू उरले होते. मठाधिपतीला निवृत्तिवेतन मिळालं. सोन्याचांदीची भांडी खजिन्यात गेली, जमीन एका सरदाराला मिळाली.

आणि छप्पर? मोठ्या चर्चच्या छपरावर शिशाचे पत्रे असत. शिशाला किंमत होती. पत्रे उतरवले आणि वितळवून नेले. इमारत पाडायलाही खर्च येतो. तिचं छप्पर काढा, बाकीचं काम पाऊस करतो. वेल्समध्ये पाऊस भरपूर. लाकूड कुजलं, वरच्या दगडी कमानी खाली आल्या, गावकऱ्यांनी घडीव दगड उचलून नेले. आपण कॅमेरे रोखून ज्याला ‘काय सुंदर आहे’ म्हणतो, ते एका वसुलीच्या हिशेबातून उरलेलं आहे. भाचीला हे सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, “आणि पावसाचं नाव बदनाम.”

पुढचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो आणि तोच सहसा सांगितला जात नाही. मठ ओस पडला, पण जागा ओस पडली नाही. १५६० च्या दशकात शेजारीच तारेचा कारखाना निघाला. मठाच्या आवारात, भिंतींच्या आधारानं कामगारांच्या झोपड्या उभ्या राहिल्या. आपल्याकडेही पडक्या सराईच्या ओवरीत, मकबऱ्याच्या आडोशाला संसार थाटलेली माणसं मी पाहिली आहेत. एक तयार भिंत मिळाली की गरिबाचं तीन भिंतींचंच काम उरतं. दोनशे वर्षांनी नदीतून नावेनं सहल करायची फॅशन आली आणि ही माणसं सहलवाल्यांच्या नजरेस पडू लागली.

त्या फॅशनचा मोठा पुरस्कर्ता विल्यम गिल्पिन, पेशानं पाद्री आणि शिक्षक. १७७० मध्ये तो इथं आला आणि १७८२ मध्ये त्याचं प्रवासाचं पुस्तक निघालं. निसर्ग चित्रासारखा कसा पाहावा, हा त्याचा विषय. टिंटर्नच्या भिंतींची टोकं त्याला फार सरळ, फार नेटकी वाटली. एखाद्यानं हातोडा घेऊन जरा जपून ठोकली तर बरी दिसतील, असं त्यानं गंभीरपणे लिहून ठेवलं आहे! पण याच गिल्पिननं आणखी एक गोष्ट लिहिली, आणि तिच्यासाठी मी त्याचा हातोडा माफ करतो.

अवशेषांत भिकाऱ्यांची गर्दी होती. जो तो सहलवाल्यांना काहीतरी दाखवतो म्हणून मागे लागे. एक म्हातारी म्हणाली, मी तुम्हाला साधूंचं ग्रंथालय दाखवते. तिला धड चालता येत नव्हतं. दोन काठ्यांवर अंग ओढत ती पुढे, आणि हे तिच्यामागे. एका जुन्या दरवाजातून काटेकुटे माजलेल्या जागी तिनं त्यांना नेलं आणि एका ढासळलेल्या ओसरीकडे बोट केलं. हेच ते. पाहिलं तर ते तिचंच घर. ओल धरलेल्या भिंती आणि नावापुरतं अंथरूण. ग्रंथालय वगैरे काही नव्हतं. तिला सांगायची होती ती स्वतःची कहाणी, आणि दाखवायचं होतं ते स्वतःचं बिऱ्हाड. ग्रंथालयाचं नाव काढल्याशिवाय तिच्या दारात कोण आलं असतं?

गिल्पिननं तिचं नाव दिलेलं नाही.

यानंतर वर्ड्‌स्वर्थकडे पाहिलं की ‘काही मैल वर’ या शब्दांना निराळा अर्थ येतो. टिंटर्नपर्यंत वायला भरती-ओहोटी असते. मी पाहिली तेव्हा नदी गढूळ होती आणि दोन्ही काठांवर चकचकीत चिखल होता. वर गेलं की पाणी गोडं, निवळ. गिल्पिनच्या काळात मठापासून अर्ध्या मैलावर लोखंडाच्या भट्ट्या होत्या, आणि वर्ड्‌स्वर्थ आला तेव्हाही हे खोरं कारखान्यांचंच होतं. कवी चिखल आणि धूर ओलांडून वर जाऊन उभा राहिला. कवितेत झाडीतून उठणारा धूर आहे आणि रानातल्या बेघरांचा ओझरता उल्लेखही आहे, पण तो अंदाजासारखा येतो आणि जातो. काही समीक्षक यावरून त्याच्यावर फार संतापतात. मला तो संताप पूर्ण पटत नाही. अठ्ठावीस वर्षांचा तरुण होता. पाच वर्षांपूर्वी फ्रेंच राज्यक्रांतीची स्वप्नं घेऊन याच खोऱ्यात आला होता, आता ती मोडून पुन्हा आला होता. त्याला स्वतःला सावरायचं होतं. चालता चालता त्यानं सगळी कविता मनात रचली आणि ब्रिस्टलला पोचल्यावर कागदावर उतरवली. अशी कविता आयुष्यात एकदा होते. ती मी आजही वाचतो, आणि चांगली वाचतो.

फक्त, दोन काठ्या टेकत जाणारी ती बाई मला आता त्या कवितेत दिसते. एका पाद्रीला दिसलेली, कवीला न दिसलेली. वाचक म्हणून मी तिला तिथं आणून बसवली आहे, आणि ती उठायला तयार नाही.

खरं ग्रंथालयही तिथं आहे. चर्चला लागून, उत्तरेच्या चौकाच्या बाजूला एक अरुंद खोली, पुस्तकांची. सिस्टर्शियन मठाला यापेक्षा मोठी जागा लागत नसे. तिच्यातही आता हिरवळ आहे. १९०१ मध्ये सरकारनं मठ विकत घेतला. पुढे भिंतींवरच्या आयव्हीच्या वेली काढल्या, दगड सांधले. आज वेल्स सरकारची कॅडू ही संस्था देखभाल करते. बाहेर दुकान आहे. टर्नरनं १७९० च्या दशकात काढलेल्या चित्रांची कार्डं आहेत, वर्ड्‌स्वर्थ तर आहेच.

गल्ल्यावरच्या बाईंना मी विचारलं, गिल्पिनला म्हातारीनं दाखवलेली जागा नेमकी कुठली? त्यांना गोष्ट ठाऊक होती. त्या काउंटर सोडून दारापर्यंत आल्या, उत्तरेकडच्या पडक्या भिंतींकडे हात केला आणि म्हणाल्या, “यांतलीच एखादी. तिथं बऱ्याच जणांची घरं होती.” आम्ही तिकडे वळलो. गवत यंत्रानं एकसारखं कापलेलं होतं. काट्याचं झुडूप एकही नव्हतं. भाची एका कोपऱ्यात भिंतीला हात लावून उभी राहिली. म्हणाली, “मामू, ओल अजून आहे.”