दहाव्या माणसाची वाट

जबलपूरच्या नेपियर टाउनमधून बोलतोय. मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातला मराठी ज्यू. आमचे पूर्वज अलिबागकडे तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गावानं नाव दिलं, शनवार तेली. फौजेत मात्र माझा शब्बाथ शुक्रवारच्या एका दिव्यापुरताच उरला होता.

आई गेली आणि अडचण उभी राहिली. आईवडिलांसाठी मुलानं अकरा महिने कद्दिश म्हणायचं असतं. त्यात मृत्यूचा उल्लेखही नाही, फक्त देवाची थोरवी. पण त्याला मिन्यान लागतं, तेरा वर्षांवरचे दहा ज्यू पुरुष. १९४८ नंतर आमची बहुतेक माणसं इस्राएलला गेली. मुंबई-ठाण्यात दहा जण जमतात. जबलपुरात उरलेले नऊ मी कुठून आणू?

माझ्या जुन्या पलटणीतले एक सुभेदारसाहेब नागपूरकडचे. त्यांच्या वडिलांनी १९५६ साली बाबासाहेबांबरोबर दीक्षा घेतलेली. ते म्हणाले, "साहेब, इगतपुरीला दहा दिवस बसून या."

गेलो. गोएंका गुरुजींचं धम्मगिरी. पहिले तीन दिवस नुसता श्वास पाहायचा, बोलायचं नाही. आणि अट अशी की शिबिरात आपली पूजा-प्रार्थना बाजूला ठेवायची. शेमा न म्हणता झोपताना चोरी केल्यासारखं वाटलं. चौथ्या दिवशी गुडघे ठणकत असताना आई आठवली आणि मी रडलो. तेराव्याला रडलो नव्हतो म्हणायला आमच्यात तेरावा नसतो, पण समजून घ्या.

लोक विचारतात, दोन्ही धर्म एकत्र केलेत का? नाही. शेमा सांगतो देव एक आहे. बुद्धांनी सृष्टिकर्त्याच्या आधारावर वाट उभारलीच नाही. ही फट बुजत नाही, मी बुजवतही नाही. पहाटे तासभर श्वास पाहतो, मग शेमा म्हणतो. मूर्तीपुढे वाकत नाही, तिथे कुणी वाकायला सांगितलंही नाही. कद्दिश एकट्यानं म्हणत नाही, नियम तो नियम. बैठकीच्या शेवटी मंगल मैत्री असते, सगळ्या जीवांचं भलं चिंतायचं. तिथे आईला आठवतो.

दरवर्षी आईच्या तिथीला कोकणात जातो. गेल्या वर्षी सिनेगॉगमध्ये नऊच जण होतो. दहावा एस.टी.नं येत होता. बाकीचे घड्याळ बघत होते, मी डोळे मिटून बसलो. पाऊण तासानं दारात छत्री झटकल्याचा आवाज आला, आणि आम्ही उभे राहिलो.